जुन्या कॉलेजच्या इमारतीची दुरुस्ती आणि वाढ : सांगली-साताऱ्याकडच्या संस्थांसाठी कामाचा क्रम

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात शंभरी गाठलेल्या किंवा तिच्या दिशेने निघालेल्या शिक्षणसंस्था पुष्कळ आहेत. विलिंग्डन कॉलेज 1919 चं. रयत शिक्षण संस्था त्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले गावात सुरू झाली आणि 1924 मध्ये साताऱ्याला आली. सांगलीचं वालचंद आणि साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज ही दोन्ही 1947 ची. या काळातल्या काळ्या दगडाच्या, कौलारू, लांबलचक व्हरांड्यांच्या इमारती आजही वापरात आहेत आणि जवळजवळ सगळीकडे एकच तक्रार ऐकू येते : मुलं वाढली, जागा पुरेना.

मग व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन तट पडतात. एकाला सगळं पाडून चार मजली आरसीसी हवं असतं, दुसऱ्याला एक खिळाही हलवायचा नसतो. या वादात वर्षं जातात आणि दरम्यान छप्पर गळत राहतं. माझं मत सरळ आहे. जुन्या इमारतीला झेपतील ती कामं तिच्याकडे ठेवावीत आणि जी झेपत नाहीत, म्हणजे पाणी, वजन, लिफ्ट, मोठी यंत्रं, ती शेजारी नव्या भागात न्यावीत. पुढचे सगळे निर्णय या एका वाटपावर अवलंबून आहेत, म्हणून आर्किटेक्टला आराखडा काढायला सांगण्याच्या आधी करायची कामं आधी घेतो.

इमारतीचं मोल कशात आहे ते लिहून काढा

दोन पानांचं टिपण पुरे. कोणता भाग कधीचा, कोणता नंतर जोडलेला, कशाला हात लावायचा नाही, काय बिनदिक्कत काढता येईल. कमानी आणि कोरीव खांब सगळ्यांना दिसतात, पण मोल कधीकधी साध्या खोलीत असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. ती नोंद ज्या रजिस्टरात आहे ते आज ठेवा मानलं जातं आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तेव्हा तुमच्या संस्थेची जुनी रजिस्टरं, मूळ नकाशे, देणगीदारांच्या पाट्या, जुने ग्रुप फोटो आधी शोधा आणि स्कॅन करा. जुन्या फोटोत मूळ खिडक्या, मूळ जोतं, पन्हळी कुठे होत्या हे दिसतं. दुरुस्तीत त्याचा थेट उपयोग होतो.

मुलं कुठे बसतात ते बघा

प्रश्नावली वाटण्यापेक्षा आठवडाभर शिपाईमामांना सोबत घेऊन फिरा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून एसटीच्या पासावर येणारी मुलं-मुली सकाळी लवकर पोचतात आणि परतीची गाडी मिळेपर्यंत अडकतात. मधले तास ती कुठे काढतात? जिन्याच्या पायऱ्यांवर, सायकल स्टँडच्या कट्ट्यावर, व्हरांड्यात खांबाला टेकून. डबा कुठे खातात, बाटली कुठे भरतात, फोन कुठे चार्ज करतात, मुली कोणत्या स्वच्छतागृहात जायचं टाळतात आणि का, हे वहीत टिपा. बहुतेक ठिकाणी यादी अशीच निघते : बसायला सावली, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी उशिरापर्यंत उघडी अभ्यासिका, डबा खायची जागा, चालू पाणी आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. सेमिनार हॉलचा नंबर त्यानंतर लागतो. समितीच्या यादीत मात्र तो पहिला असतो.

व्हरांडा हा अशा इमारतीतला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि सगळ्यात आधी बळी जातो तोही तोच. ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावून त्याची ऑफिसं केली की आतले वर्ग अंधारे आणि कोंदट होतात, मग दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लागतात. व्हरांडा मोकळा करून त्यात भिंतीलगत रुंद दगडी किंवा लाकडी बैठका आणि वर प्लगचे पॉइंट दिले, तर पाच-पन्नास मुलांची सोय एका पैच्याही नव्या बांधकामाशिवाय होते.

पाहणी : पाण्यामागे जा

मोजणीचे नकाशे आणि स्ट्रक्चरल ऑडिट लागतीलच. पण अहवाल हातात घेण्याआधी भर पावसात इमारतीभोवती एक चक्कर मारा. ऑडिट करणारे बहुधा उन्हाळ्यात येतात, त्यामुळे त्यांना डाग दिसतो, पाणी दिसत नाही.

वरून सुरुवात करा. आढ्यावरची कौलं बसलीत का, दोन पाखी मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजली का, पन्हळीत कबुतरांची घाण आणि पिंपळाचं रोप आहे का, खाली येणारा पाइप मध्येच तुटून भिंतीवर ओकतोय का. मग खाली या. वळचणीचं पाणी जोत्याशी साचतं का? गेल्या तीस-चाळीस वर्षांत बाहेर रस्ता, पेव्हर ब्लॉक, मुरूम यांचे थर चढत गेलेले असतात आणि मूळचं तीन फुटांचं जोतं दीड फुटावर आलेलं असतं. आतल्या भिंतीला कमरेएवढी ओल येते ती तिथून, आणि ठेकेदार तिच्यावर वॉटरप्रूफ रंग सुचवतो. बाहेरची पातळी खाली घेणं, भिंतीपासून लांब उताराचं गटार काढणं आणि जोत्याला खेटून केलेले फुलझाडांचे वाफे हटवणं ही कामं दिसायला क्षुल्लक आहेत, पण निम्मी ओल यांनीच जाते.

भेगांच्या बाबतीत घाई नको. कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर उभ्या असलेल्या इमारतीच्या भेगा उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. प्रत्येक मोठ्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवलेली काचपट्टी लावा, तारीख घाला, रुंदी मोजून ठेवा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघितल्याशिवाय भेग भरू नका, कारण हलती भेग भरली की ती शेजारी नवी वाट काढते.

सांगलीत आणखी एक तपासणी आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तुमची जागा निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते जलसंपदा विभागाच्या नकाशावर पाहा आणि 2005, 2019, 2021 चं पाणी आवारात कुठवर आलं होतं ती खूण जुन्या कर्मचाऱ्यांना विचारून भिंतीवर रंगवा. तळघर, मुख्य वीजपॅनेल, जनरेटर, दप्तरखाना यांची जागा त्या खुणेवरून ठरते.

भिंत : सिमेंट काढा, चुना आणा

या भागातला काळा दगड सहजासहजी झिजत नाही. झिजतात त्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे. मूळ बांधणी चुन्याची असते आणि चुना ओल आत घेतो तशी बाहेर सोडतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात कुणीतरी या दरजांवर सिमेंटची उठावदार पट्टी ओढलेली असते आणि आतून सिमेंटचा गिलावा. ओल मग कोंडते, क्षार मिठासारखे फुलतात आणि गिलाव्याचे पोपडे पडतात. तिथे बोटाने टिचकी मारा, पोकळ आवाज येतो. पोपडा उचकटला की मागे चुन्याचा भुसा हातात येतो.

सिमेंटच्या पट्ट्या छिन्नी-हातोड्यानेच काढाव्यात. ग्राइंडर दगडाची धार खातो आणि ती परत येत नाही. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट, साधारण 20 ते 25 मिमी खोल साफ करायची, ब्रशने भुसा काढायचा, पाणी मारून भिजवायची आणि मग चुना भरायचा. कळीचा चुना हौदात भिजवून, चाळून, निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरवलेला हवा. जास्त मुरला तर आणखी चांगला. पोत्यातली कोरडी पूड आणून त्याच दिवशी कालवलेला माल परत पाठवा. वीटकर (विटांची भुकटी) आणि धुतलेली वाळू किती घालायची हे पुस्तकातून घेऊ नका, मूळ चुन्याचा तुकडा तपासून घ्या आणि तीन-चार प्रमाणांचे नमुने भिंतीच्या मागच्या बाजूला एकेक चौरस मीटर करून महिनाभर बघा. गूळ, बेलफळ, हिरडा यांची पाणी घालायची जुनी पद्धत जाणकार गवंडी अजून वापरतात. वापरू द्या, पण नमुन्यात आधी सिद्ध होऊ द्या. चुन्याला सावकाश वाळणं मानवतं, म्हणून ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेरचा चुना करणं म्हणजे तडे विकत घेणं. हे काम दिवाळीनंतर धरा.

गवंडी मिळत नाहीत, असं सगळे सांगतात. वाई, मेणवलीकडे घाट आणि वाड्यांची, मिरजेत दर्ग्या-देवळांची जुनी बांधकामं आहेत. अशा ठिकाणी चुन्यात हात घातलेले कारागीर विचारपूस केली की सापडतात. त्यांना चौरस मीटरच्या दराने जुंपू नका, रोजावर घ्या.

आतून रंग चुन्याचाच द्या. ऑइलपेंटचा पट्टा पुसायला सोपा म्हणून कमरेपर्यंत मारतात आणि भिंतीचा श्वास तिथेच अडवतात.

लाकूड आणि छप्पर

सागवानी तुळई मधे शाबूत दिसते, कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाशी. जिना लावून वर चढा आणि टोकाजवळ स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. दोन-तीन मिमीवर अडला तर ठीक, मुठीपर्यंत गेला तर टोक गेलं. पूर्ण तुळई बदलायची गरज क्वचित पडते. कुजकं टोक कापून त्याच जातीचं वाळलेलं लाकूड तिरक्या सांध्याने जोडायचं, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि बोल्ट, आणि भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती बोटभर हवा ठेवायची. पाडकामाच्या सागवानाची बाजारात उत्तम किंमत येते, त्यामुळे 'सगळंच बदलू' म्हणणाऱ्याचं गणित वेगळं असू शकतं. उतरवलेल्या प्रत्येक लाकडावर नंबर टाका आणि नोंदवहीत मोजमाप लिहा.

कौलं उतरवली की खाली फळ्यांचा थर आणि त्यावर पाणी अडवणारा, पण वाफ जाऊ देणारा पडदा टाकून तीच कौलं परत बसवा. कौलं काढून रंगीत पत्रा टाकला तर पावसाच्या आवाजात शिक्षकाला ओरडावं लागतं, उन्हाळ्यात वर्ग तापतो. सौरपॅनेल नव्या भागाच्या सपाट गच्चीवर न्या.

भूकंपाचं विसरू नका

11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप या भागातल्या जुन्या लोकांना आठवतो. कोयना परिसर आणि भोवतालचे तालुके या बाबतीत राज्याच्या इतर भागांपेक्षा जास्त जोखमीचे आहेत. दगडी भिंत दोन पदरांची असते आणि मधे भर. धक्क्यात पदर सुटे होऊन बाहेर पडतात. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात भिंतीला आरपार भोक पाडून त्यात दोन्ही पदर जोडणारे, सळईसह काँक्रीटचे बांधदगड भरण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तीच इथे चालते. त्याशिवाय छपराच्या पातळीला चारी भिंती एकत्र बांधणारा पट्टा किंवा आतून लपवलेल्या पोलादी ताणसळया लागतात. दगडी इमारतींच्या तपासणी-मजबुतीसाठी आयएस 13935 हे भारतीय मानक आहे. अभियंत्याने ते वापरलंय का हे थेट विचारा. 'आरसीसी कॉलम घालून टाकू' हे उत्तर आलं तर दुसरा अभियंता बघा. कडक कॉलम आणि मऊ चुन्याची भिंत वेगवेगळ्या हलतात.

आता वाटप

वर्गखोलीसाठी जमिनीवर धरायचा भार चौरस मीटरला साधारण 300 किलो. पुस्तकांच्या कपाटांसाठी, 2.2 मीटर उंचीपर्यंत, 600 किलो, आणि उंची वाढली की त्याहून जास्त. वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर ग्रंथालयाचे स्टॅक का ठेवायचे नाहीत हे या दोन आकड्यांतच आलं. वाचन जुन्या हॉलमध्ये, पुस्तकं नव्या इमारतीच्या तळमजल्यावर.

जुन्या भागात : वर्ग, अभ्यासिका, वाचनकक्ष, प्राध्यापकांच्या खोल्या, छोटं संग्रहालय. नव्या भागात : सगळी स्वच्छतागृहं, रसायन-प्रयोगशाळा, संगणक कक्ष, कॅन्टीनचं स्वयंपाकघर, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या. जुन्या छपराखालच्या कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींवर) पाण्याची टाकी ठेवलेली दिसली तर बाकी कामाची वाट न बघता ती आजच उतरवा.

उंच छताच्या हॉलमध्ये पोटमाळा घालून जागा दुप्पट करायची कल्पना कुणीतरी मांडेलच. नाही म्हणा. ती उंचीच त्या खोलीला मे महिन्यात सहन करण्याजोगी ठेवते. वरचे झरोके उघडायची साखळी दुरुस्त करा, पंखे लांब दांडीवर खाली घ्या. आवाज घुमत असेल तर मागच्या भिंतीवर लाकडी चौकटीत जाड नमदा पुरतो.

नवा भाग कसा जोडायचा

काळी माती फुगते आणि आकसते. शेजारी खोल खड्डा खणला तर जुन्या पायाखालची माती सरकते. म्हणून नव्या इमारतीचे कॉलम जुन्या भिंतीपासून जमतील तेवढे लांब घ्या आणि जोडणारा बोळ तुळईवर पुढे काढून जुन्या भिंतीपर्यंत आणा. पायासाठी अंडररीम पाइल, म्हणजे खालच्या टोकाशी फुगवटा असलेला खोल काँक्रीटचा खांब, हा या मातीत रुळलेला पर्याय आहे. जवळ खणणं टळतच नसेल तर थोडं थोडं, एकाआड एक तुकड्यांत खणा आणि एक तुकडा भरल्याशिवाय दुसरा उघडू नका. जुन्या पायाच्या तळाखाली तर मुळीच जाऊ नका. या काळात भेगांवरच्या काचपट्ट्या रोज बघायच्या.

दोन इमारती एकमेकींना चिकटवू नका. मधे फट हवी, किमान 25 मिमी. मजले वाढले तर हिशोबाने अधिक. फटीवर एका बाजूला सरकणारी पट्टी. जुन्या भिंतीत सळया ठोकून नवा स्लॅब टेकवणं म्हणजे पुढच्या धक्क्यात एकाने दुसऱ्याला पाडणं.

जोत्याच्या पातळीत फरक असतोच. 90 सेंटिमीटर चढायला 1:12 च्या उताराने 10.8 मीटर रॅम्प लागतो, शिवाय मधला विसावा. समोरच्या पायऱ्या तोडून तो बसवण्यापेक्षा जोड-बोळातून आत आणा, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी मुख्य व्हरांड्यातच पोचेल. मागच्या दाराने न्यायचं नाही. नव्या जिन्याची मोकळी रुंदी किमान दीड मीटर असते. त्या जिन्यानेच जुन्या वरच्या मजल्याची आग लागल्यावर बाहेर पडायची दुसरी वाट सुटते, आणि जुना लाकडी जिना तोडावा लागत नाही.

दिसायला नवी इमारत जुन्यासारखी करायची का? थर्मोकोलच्या कमानी लावलेलं लग्नाचं प्रवेशद्वार आठवा. उंची, खिडक्यांची लय, व्हरांड्याची सावली जुन्यातून घ्या. माल आजचा असू द्या.

परवानग्या, पैसा, निविदा

महापालिका किंवा नगरपालिकेची बांधकाम परवानगी एकत्रीकृत विकास नियमावलीनुसार. इमारत वारसा यादीत असेल तर तिची श्रेणी आधी कळून घ्या. केंद्र-संरक्षित स्मारक जवळ असेल तर 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरांत परवानगीने. अग्निशमनाचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर कर्ज काढण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या, अनेकांना हे बँकेत गेल्यावर कळतं.

पैशासाठी पीएम-उषासारख्या उच्चशिक्षणाच्या केंद्रीय अनुदान योजना, कंपन्यांचा सामाजिक निधी आणि माजी विद्यार्थी हे तीन रस्ते. माजी विद्यार्थ्यांकडे 'इमारत निधी' म्हणून गेलात तर हात आखडता राहतो. एक खण, एक खिडकी, एक वर्ग अशी वाटणी करून अंदाजपत्रक दाखवलं की बॅचच्या बॅचा पुढे येतात. सरकारी अनुदानाच्या नोंदी मात्र वेगळ्या ठेवा.

दुरुस्ती आणि नवं बांधकाम यांच्या निविदा स्वतंत्र काढा. आरसीसीचा ठेकेदार चुन्याचं काम पोटठेक्याने देतो आणि तिथेच सगळं बिघडतं. नेहमीच्या दरसूचीत जुन्या कामाच्या सगळ्या बाबी सापडत नाहीत, दरांचं विश्लेषण करून घ्यावं लागतं. सगळ्यात कमी दर हा एकमेव निकष ठेवू नका; आधी केलेली दोन कामं प्रत्यक्ष जाऊन बघा. गिलावा उचकटल्यावर काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणून दुरुस्तीच्या अंदाजात पंधरा-वीस टक्के राखीव धरा.

वेळापत्रक

एकदम सगळी इमारत रिकामी करू नका. आधी नवा भाग उभा करा, त्यात वर्ग हलवा, मग जुन्याचा एकेक पट्टा घ्या. छप्पर जानेवारीनंतर उघडायचं आणि मृग लागायच्या आत बंद करायचं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात जे उघडं असेल त्यावर ताडपत्रीची मजबूत चौकट तयार ठेवा, कारण वळवाचा पाऊस तारीख बघून येत नाही. परीक्षेच्या दिवसांत छिन्नी बंद, हे करारातच लिहा.

वीजजोडणीसाठी दगडात खाचा मारू नका. जीआय पाइप दरजांच्या रेषेत उघडा न्या. छतावरच्या पोकळीत जुन्या वायरी सोडून देऊ नका, उतरवा. नवा पॅनेल पुराच्या खुणेच्या वर.

काम संपल्यावर ठेकेदाराची शेवटची रक्कम पहिला पूर्ण पावसाळा काढल्यावरच द्या आणि ऑगस्टात त्याला सोबत घेऊन छपरावर चढा. त्याच मापाची शे-दोनशे कौलं, थोडी वीटकर आणि झाकण लावलेला मुरवलेल्या चुन्याचा एक पिंप स्टोअरमध्ये ठेवा. दर मे महिन्यात पन्हळी साफ करायचं काम एका शिपायाच्या नावावर लेखी द्या आणि त्याला शिडी, हातमोजे आणि कमरेला बांधायचा सुरक्षा-पट्टा विकत घेऊन द्या.